‘ढ’ हे केवळ एक अक्षर आहे

मराठी वर्णमालेतील एका अक्षराला आपण शिवीचे काम दिले आहे. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ का म्हणतात, याचे एक विद्वत्तापूर्ण स्पष्टीकरण सांगितले जाते. सम्राट अशोकाच्या काळातील ब्राह्मी लिपीची बहुतेक अक्षरे दोन हजारांहून अधिक वर्षांच्या प्रवासात ओळखू न येण्याइतकी बदलली. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. काळ गेला तरी ज्याच्यात फरक पडत नाही तो ‘ढ’. शब्दाची ही कथा खरी असो वा नसो, तिच्यातले गृहीतक आपल्या शाळांत खोल रुजलेले आहे. मूल मागे राहते, कारण त्याच्यात पुढे जाण्याची शक्तीच नसते, असे ते गृहीतक. ते चुकीचे का आहे आणि ते सोडून दिले तर वर्गात काय काय करता येते, हे या लेखात मांडायचे आहे.

मी महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवते. प्राथमिक शिक्षण हा माझ्या प्रबंधाचा विषय नव्हता. परंतु पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात उतारा मोठ्याने वाचायला सांगितला की काही माना खाली जातात, हे मी तीस वर्षे पाहत आले आहे. ही मुले बारावी उत्तीर्ण झालेली असतात. उत्तरे पाठ करून, फळ्यावरचे उतरवून घेऊन, मित्राकडून ऐकून त्यांनी इथवर वाट काढलेली असते. त्यांची बुद्धी कमी असती तर ही वाट त्यांना सापडलीच नसती. अडले आहे ते कुठे तरी फार आधी, हे उघड होते. तो शोध घेण्यासाठी गेल्या काही वर्षांत आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि मी डिचोली तालुक्यातील काही मराठी प्राथमिक शाळांत आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. तिसरी-चौथीतल्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांबरोबर बसायचे, एवढेच काम. पुढचे विवेचन त्या अनुभवावर आणि या विषयातील संशोधकांच्या कामावर आधारलेले आहे.

वाचन म्हणजे दोन कामे

‘मुलाला वाचता येत नाही’ हे वाक्य फार ढोबळ आहे. वाचनात किमान दोन वेगळी कामे असतात. एक, कागदावरच्या खुणांचे उच्चारात रूपांतर करणे. दुसरे, त्या उच्चारातून अर्थ लावणे. गफ आणि टन्मर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली हे फार सोप्या शब्दांत मांडले. त्यांच्या मते वाचन हा या दोन कौशल्यांचा गुणाकार आहे, बेरीज नव्हे. बेरजेत एक संख्या शून्य असली तरी दुसरी हाती उरते. गुणाकारात एक शून्य झाली की सारेच शून्य होते.

शिक्षकाच्या दृष्टीने याचा उपयोग असा. मुलाला एक छोटी गोष्ट वाचायला द्या. ते अडखळले, तर तितकीच सोपी दुसरी एक गोष्ट तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि दोन-तीन प्रश्न विचारा. ऐकलेली गोष्ट त्याला नीट कळली, तर भाषा शाबूत आहे. अडचण लिपीत आहे. ऐकूनही कळली नाही, तर अडचण पुस्तकाच्या भाषेत आहे. काही मुले याच्या उलट असतात. ती खडाखडा वाचतात, पण काय वाचले ते सांगू शकत नाहीत. या तिन्ही मुलांना आपण ‘कच्ची’ म्हणून एकाच रांगेत बसवतो आणि तिघांनाही धडा दहा वेळा लिहून आणायला सांगतो. तिघांपैकी कोणालाही त्याचा उपयोग होत नाही. दहा मिनिटांची ही तपासणी केली, तर पुढचे कित्येक महिने वाया जाण्याचे टळते.

देवनागरी शिकायला वेळ का लागतो

मराठी ‘जशी बोलतात तशी लिहितात’, म्हणून ती वाचायला सोपी, असे आपण अभिमानाने म्हणतो. इंग्रजीशी तुलना केली तर त्यात तथ्य आहे. पण सात वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहावे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलापुढे सव्वीस अक्षरे आणि त्यांची मोठी-लहान रूपे असतात. मराठी मुलापुढे चौतीस व्यंजने असतात आणि प्रत्येकाची बाराखडी. म्हणजे चारशे आठ अक्षररूपे झाली, जोडाक्षरे वेगळीच. ही रूपे एका पद्धतीने बनतात हे खरे, पण ती पद्धत मुलाच्या लक्षात येईपर्यंत त्याला ‘कु’ आणि ‘के’ ही दोन वेगळी चित्रेच असतात. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून दाखवून दिले आहे की, अशा प्रकारच्या भारतीय लिपीतील अक्षरांवर प्रभुत्व मिळवण्याची प्रक्रिया प्राथमिक शाळेची चांगली चार-पाच वर्षे चालू राहते. कन्नड आणि देवनागरी यांची घडण एकाच धर्तीची आहे. तेव्हा दुसरीच्या अखेरीस एखाद्या मुलाला सगळी अक्षरे येत नसतील तर ते मूल मंद नाही. ते वाटेवर आहे. आपली पाठ्यपुस्तके मात्र वाट संपली असे धरून पुढे निघून जातात.

या वाटेवर अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या शिक्षकाला माहीत हव्यात. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लिहितात त्याच्या आधी. ‘र’ तर बहुरूपी आहे. ‘रस’, ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘ट्रक’ आणि ‘वाऱ्यावर’ या पाच शब्दांत त्याची पाच रूपे दिसतात. सूर्यातला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो आणि त्याच्या आधी उच्चारला जातो. गोव्याच्या मुलाला ‘दर्या’ म्हणजे समुद्र हे वेगळे सांगावे लागत नाही. पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक दाखवून दिल्याशिवाय त्याला कळणारही नाही. अनुस्वाराचा उच्चार ‘आंबा’त एक, ‘पंगत’मध्ये दुसरा आणि ‘संशय’मध्ये तिसराच. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च एकाच चिन्हाने लिहिले जातात.

सर्वांत दुर्लक्षित अडचण आणखी वेगळी आहे. ‘सरपण’ हा शब्द मूल स-र-प-ण असा सुटा सुटा वाचते. आपण मात्र तो ‘सर्-पण्’ असा बोलतो. चार सुट्या अक्षरांपासून बोललेल्या शब्दापर्यंत पोचण्यासाठी एक उडी मारावी लागते आणि तो शब्द आधी कानावरून गेलेला असेल तरच ती साधते. मुलाने चारही अक्षरे बरोबर ओळखूनही शब्द ‘लागत नाही’, तो यामुळे. शिवाय एकेक अक्षर जुळवत वाक्याच्या शेवटाशी येईपर्यंत वाक्याची सुरुवात विसरली जाते. हा स्मरणशक्तीचा दोष नव्हे. कोणाही प्रौढाला अनोळखी लिपीत वाचायला बसवले तर त्याचेही हेच होईल.

बाराखडी सुरात म्हणता येणे आणि अक्षर ओळखता येणे यांतही मोठे अंतर आहे. ‘क का कि की’ घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे नुसता ‘कु’ ठेवला की ते पहिल्यापासून बाराखडी म्हणत ‘कु’पर्यंत येते. ते पाठांतर आहे. पाठांतर वाईट नाही, पण त्याला वाचन समजू नये.

घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा

गोव्यातील मराठी शाळांतल्या बहुतेक मुलांच्या घरी कोंकणी बोलली जाते. त्यांच्या शेजारी आता कन्नड, हिंदी किंवा लमाणी बोलणाऱ्या घरांतली मुलेही बसतात. अगदी नेहमीचे शब्द घ्या. पाण्याला घरी ‘उदक’ म्हणतात, कुत्र्याला ‘सुणें’, मासळीला ‘नुस्तें’. हे शब्द निदान वेगळे आहेत, त्यामुळे मूल अडते आणि आपल्याला ते दिसते. खरी फसगत सारख्या शब्दांत होते. कोंकणीत ‘भात’ म्हणजे शेतात पिकते ते, तूस न काढलेले धान्य; शिजवलेल्या भाताला ‘शीत’ म्हणतात. ‘आई पानात भात वाढते’ हे वाक्य मुलाने अचूक वाचले, तरी आई ताटात साळी कशाला वाढते आहे, असा प्रश्न त्याला पडू शकतो. तो प्रश्न ते विचारत नाही, कारण पुस्तक चुकत नसते आणि आपल्याला काही कळत नसते, हे ते एव्हाना शिकलेले असते.

चित्रातल्या पाण्यावर बोट ठेवून मूल ‘उदक’ म्हणाले, तर त्यावर ‘चूक’ हा शेरा बसता कामा नये. उत्तर बरोबर आहे. दुसऱ्या भाषेत आहे. शिक्षकाने ‘उदक’ फळ्यावर लिहावे, शेजारी ‘पाणी’ लिहावे आणि दोन्ही वाचून घ्यावेत. लिपी एकच असल्यामुळे हे आपल्याला फुकट मिळालेले साधन आहे. ‘उदक’ हा शब्द जुन्या मराठी काव्यात जागोजागी आहे, हेही मुलाला सांगावे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोलहून मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ छापले आणि त्यांचेच कोंकणीचे व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० साली प्रसिद्ध झाले. या भूमीत दोन्ही भाषा शेजारी शेजारी वागवण्याची रीत चारशे वर्षांची आहे. आठ वर्षांच्या मुलाने ती चालवली तर त्याला अशुद्ध म्हणण्याचे कारण नाही. घरच्या भाषेला वर्गात जागा दिल्याने मराठी कच्ची राहते, ही भीतीही निराधार आहे. नवी भाषा येणाऱ्या भाषेच्या आधारानेच शिकता येते.

लपवण्याची कला

वाचता न येणे हे मुलाचे पहिले दुःख. ते उघडे पडण्याची भीती हे दुसरे, आणि ते पहिल्यापेक्षा मोठे. म्हणून मुले ते लपवायला शिकतात. वाचनाची पाळी जवळ आली की त्यांना पाणी प्यायला जायचे असते. शेजाऱ्याचे ऐकून ती ओळ पाठ करतात. चित्र बघून गोष्ट रचतात. काही दंगा करतात, कारण ‘मस्तीखोर’ हे नाव ‘ढ’ या नावापेक्षा केव्हाही बरे.

तिसरीतल्या एका मुलीची वही मला शिक्षिकांनी कौतुकाने दाखवली होती. अक्षर खरोखर मोत्यासारखे होते. एकही खाडाखोड नव्हती. त्याच वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून मी तिला हे काय लिहिले आहेस असे विचारले, तेव्हा ती गप्प राहिली. तिला त्यातला एकही शब्द वाचता येत नव्हता. ती रांगोळी काढावी तशी अक्षरे काढत होती. तीन वर्षे शाळेत येऊन, एकही दिवस न चुकवता, दिलेला अभ्यास पुरा करून ती जिथल्या तिथे होती आणि तिची वही नीटनेटकी असल्यामुळे कोणाला शंकाही आली नव्हती. दंगा करणाऱ्या मुलाकडे निदान लक्ष जाते. गप्प बसणारे मूल हातातून निसटून जाते.

या मागे पडण्याला एक गती असते. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ सालच्या एका प्रसिद्ध लेखात ती समजावून सांगितली आहे. ज्याला वाचता येते तो अधिक वाचतो, म्हणून त्याचे शब्द वाढतात, म्हणून त्याला आणखी वाचता येते. ज्याला येत नाही तो टाळतो. टाळल्यामुळे सराव होत नाही आणि अंतर वाढत जाते. पहिलीत दोन मुलांमध्ये असलेले चार-सहा महिन्यांचे अंतर चौथीत दोन-तीन वर्षांचे होते, ते असे. चौथीनंतर इतिहास, विज्ञान आणि गणितातली शाब्दिक उदाहरणे सारे वाचूनच शिकायचे असते. तेव्हा वाचता न येणारे मूल एका विषयात नव्हे, सगळ्याच विषयांत नापास होते. पुढे महाविद्यालयात माना खाली घालणारे विद्यार्थी भेटतात, ते या वाटेने आलेले असतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट ठेवले आहे. तिसरी हाच टप्पा धरण्याचे कारण हेच.

काय करता येते

पहिली पायरी म्हणजे मूल कुठे आहे ते पाहणे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५ पासून वापरली जाणारी चाचणी यासाठी पुरेशी आहे. अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट असे तिचे टप्पे आहेत. एका मुलाला पाच मिनिटे लागतात. त्यानुसार दिवसातला एक तास तिसरी-चौथीच्या मुलांचे इयत्तेऐवजी टप्प्याप्रमाणे गट करता येतात. मात्र गटांना हुशार, मध्यम, कच्चे अशी नावे नकोत. फुलांची नावे देऊन तोच अर्थ पोचवणेही नको. गट दर महिन्याला बदलत राहिले, तर त्यांना शिक्के चिकटत नाहीत.

दुसरी गोष्ट, थोड्या अक्षरांतून लगेच शब्द. सगळी मुळाक्षरे संपेपर्यंत शब्दाची वाट पाहायला लावली की मुलाला लिपीचा हेतूच कळत नाही. ‘क’, ‘म’, ‘ल’ ही तीन व्यंजने आणि एक काना घ्या. काम, माल, लाल, मका, मला, कला, काका, मामा असे शब्द मिळतात आणि ‘मामा, मला मका’ असे वाक्यही मिळते. पहिल्या आठवड्यात मूल एक पुरे, अर्थपूर्ण वाक्य वाचते. त्याला खाऊ किंवा तारा द्यावा लागत नाही. आपल्याला वाचता आले हेच बक्षीस असते. पुढे ‘न’ आला की कान, नाक, मान, नमन. फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांनी वंचित मुलांसाठी उभ्या केलेल्या कामात अक्षरांच्या अशा गटांबरोबरच गोष्टी ऐकणे आणि स्वतःचे लिहिणे यांना पहिल्यापासून स्थान दिले गेले. हे दोन्ही बरोबरीने चालायला हवे. केवळ अक्षरे घोटली तर वाचन निरस होते. केवळ गोष्टी सांगितल्या तर लिपी हाती येत नाही.

तिसरी गोष्ट, मुलाचे स्वतःचे वाक्य. सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना पाहिले की, परक्या घरांची चित्रे असलेल्या वाचनपुस्तकात मुलांचे मन लागत नाही. तिने प्रत्येक मुलाला त्याला हवा असलेला शब्द विचारला आणि तो कार्डावर लिहून त्याच्या हाती दिला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर’ या पुस्तकात हा अनुभव आहे. आमच्याकडे एक मुलगा कोणत्याच शब्दावर थांबत नव्हता. त्याला ‘काल काय झाले’ असे विचारल्यावर म्हणाला, ‘म्हज्या बापायन काल व्हडलें नुस्तें हाडलें.’ आमच्या विद्यार्थिनीने ते तसेच्या तसे मोठ्या अक्षरांत लिहिले. आपले बोलणे कागदावर उतरलेले पाहून त्याने ते स्वतःच्या बोटाने तीनदा वाचले. मग त्याखाली तिने ‘माझ्या वडिलांनी काल मोठा मासा आणला’ असे लिहिले आणि दोघांनी मिळून कोणता शब्द कुठे गेला ते शोधले. ‘काल’ दोन्हीकडे एकच आहे, हा शोध त्याचा होता. त्या एका कागदावर अक्षरओळख, शब्दसंग्रह आणि व्याकरण या तिन्हींचा पाठ झाला.

चौथी गोष्ट, पाठ असलेल्या मजकुराचा उपयोग. गोव्यातल्या मुलांना चवथीच्या आरत्या, भजने, फुगडीची गाणी तोंडपाठ असतात. अशी एखादी रचना मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी आणि म्हणता म्हणता शब्दाखाली बोट फिरवायला सांगावे. सुरुवातीला बोट आणि तोंड यांची चुकामूक होते. ती जुळू लागली की मूल शब्दांच्या सीमा ओळखू लागते. इथे अर्धे काम आधीच झालेले असते आणि चुकण्याची भीती जवळजवळ नसते. इतर धर्मांच्या घरांतून आलेल्या मुलांसाठी त्यांची गाणी घ्यावीत. त्यांच्या घरी विचारले तर ती मिळतात.

पाचवी गोष्ट, मोठ्याने वाचण्याची पाळी. मुलाला तयारी नसताना सर्व वर्गापुढे उभे करून वाचायला लावणे ही पद्धत थांबवली पाहिजे. त्यातून अडखळणाऱ्याला वाचन येत नाही. लपायला मात्र येते. त्याऐवजी उद्या वाचायच्या चार ओळी आज द्याव्यात. आधी शिक्षकाने वाचावे, मग दोघांनी बरोबर, मग मुलाने एकट्याने. तोच उतारा तीन-चार दिवस पुन्हा वाचला तर ओघ येतो. आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती अशी: तिसरीतल्या अडखळणाऱ्या मुलांना अंगणवाडीतल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायचे काम दिले. गोष्ट सोपी आहे म्हणून त्यांना कमीपणा येत नाही, कारण ती छोट्यांसाठीच आहे. छोट्यांपुढे चुकायचे नाही म्हणून ती घरी चार वेळा वाचून येतात.

सहावी गोष्ट, चुका आणि शाबासकी. मूल अडले की लगेच शब्द सांगून टाकू नये. मनात पाच अंक मोजावेत. ते ‘पाणी’च्या जागी ‘उदक’ वाचत असेल तर त्याला अर्थ कळला आहे, अक्षराकडे लक्ष वेधावे. ‘घर’च्या जागी ‘घोडा’ वाचत असेल तर ते पहिल्या अक्षरावरून अंदाज करते आहे. ‘घोडा इथे जमतो का?’ असे विचारावे. शाबासकी नेमकी असावी. ‘छान’ म्हटल्याने काय छान झाले ते कळत नाही. ‘सूर्यातला रफार तू स्वतः ओळखलास’ असे म्हटले की मुलाला आपल्या हातात काय आले ते कळते. आत्मविश्वास उपदेशाने येत नाही. काल न आलेले आज आले, याचा पुरावा दिसला की तो येतो. म्हणून वाचता आलेल्या शब्दांची कार्डे एका डब्यात साठवावीत आणि अधूनमधून मुलाने ती स्वतः मोजावीत.

लेखनाबाबत एक सूचना. मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार सामान्यतः दीर्घ लिहावेत, हा नियम आहे. पण बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपल्या कानाला क्वचितच जाणवतो. म्हणजे इथे मुलाला कानाची मदत नाही. केवळ डोळ्यांची सवय उपयोगी पडते आणि ती पुष्कळ वाचल्यानंतर येते. ज्याने आयुष्यात प्रथमच स्वतःच्या मनातल्या पाच ओळी लिहिल्या, त्याच्या कागदावर वेलांट्यांच्या सतरा लाल खुणा केल्या तर सहावी ओळ येणार नाही. आधी मजकुराला उत्तर द्यावे, मग एका वेळी एकच प्रकारची चूक दाखवावी. शुद्धलेखनाचा आग्रह मी सोडलेला नाही. त्याची वेळ मात्र पाहावी.

एवढे सारे नियमाने केल्यावरही काही मुले अडलेलीच राहतात. अशा वेळी प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा न दिसणे आणि ‘प’-‘ब’ नीट ऐकू न येणे ही कारणे आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक वेळा आढळतात. बोलण्यात चुणचुणीत, हिशेबात तरबेज असलेले मूल नियमित आणि चांगल्या शिकवण्यानंतरही अक्षरांत गुरफटत असेल, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शक्यता असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे. निदान तज्ज्ञांनीच करावे. शिक्षकाचे काम वेळेवर तिकडे पाठवण्याचे. आणि नीट शिकवलेच गेले नाही अशा मुलावर हा शिक्का मारला जाऊ नये, याचीही काळजी घ्यावी.

साहित्यिक आणि विद्यार्थी यांचा वाटा

मोत्यासारखे अक्षर असलेल्या त्या मुलीबरोबर आमची एक विद्यार्थिनी पाच महिने बसली, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. शिक्षिकांनी रोज पंधरा मिनिटे दिली. आता ती दुसरीच्या पातळीची गोष्ट सावकाश वाचते. जोडाक्षरांशी अडते. गेल्या महिन्यात तिने आईला किराणा दुकानाची यादी लिहून दिली. त्यात ‘साखर’ बरोबर होती, ‘खोबरेल’ चुकले होते. चमत्कार म्हणावा असे यात काही नाही. एका माणसाने एका मुलासाठी नियमितपणे वेळ काढला, एवढेच घडले. महाविद्यालयांतील भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षभरासाठी असे एक मूल सोपवता आले, तर भाषेच्या अभ्यासाला त्याहून चांगले प्रात्यक्षिक मिळणार नाही. ध्वनी, लिपी, बोली, अर्थ या सगळ्या गोष्टी तिथे पुस्तकाबाहेर भेटतात. अट एकच: ठरलेल्या दिवशी गेलेच पाहिजे. येतो म्हणून न येणारी ताई मुलाला आणखी एक पराभव देऊन जाते.

या वार्षिकाच्या वाचकांत लेखक आहेत, म्हणून त्यांच्याकडेही एक मागणे. अक्षरओळख झालेले मूल आणि बाजारात मिळणारी बालकथा यांच्यामध्ये मोठी दरी आहे. ‘मामा, मला मका’ वाचणाऱ्या मुलाला दुसऱ्या आठवड्यात काय द्यावे, हा प्रश्न आम्हाला सतत पडतो. वयाने नऊ-दहा वर्षांच्या पण वाचनाने पहिलीत असलेल्या मुलाला ससा-कासवाचे पुस्तक दिले तर ते लाजते. त्याच्या वयाचे पुस्तक दिले तर त्याला दम लागतो. त्याला हवी आहेत बारा ते वीस वाक्यांची, जोडाक्षरे टाळणारी, पण क्रिकेट, मासेमारी, भुताखेतांच्या गोष्टी, बसचा प्रवास, घरातले भांडण असे त्याच्या वयाचे विषय असलेली पुस्तके. असे लिहिणे सोपे नाही. जोडाक्षर न वापरता भीती, हसू किंवा राग उभा करायला भाषेवर चांगलीच हुकमत लागते. आपल्या कार्यशाळांतून कविता आणि कथा यांच्या बरोबरीने एक दिवस अशा लेखनासाठी ठेवता येईल. त्या दिवशी तिसरी-चौथीतली चार मुले कार्यशाळेत बोलवावीत आणि लिहिलेला मजकूर त्यांच्याकडून वाचून घ्यावा. जिथे ती अडतील तिथे लेखकाने वाक्य बदलावे.